पणजोबांच्या पलीकडे कोण? थडगी आणि चर्चच्या वह्यांतून पूर्वजांचा माग

पितृपक्षात गुरुजी तीन पिढ्यांची नावे विचारतात: वडील, आजोबा, पणजोबा. पहिली दोन पटकन येतात. तिसऱ्याला पुष्कळ जण अडखळतात आणि गावच्या काकांना फोन लावतात. चौथ्या पिढीचा विषय सहसा निघतच नाही. निघालाच, तर नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांचे घर गाठावे लागते. आपल्या घराण्यातले कोण कधी तिथे आले होते आणि त्यांनी कोणाकोणाची नावे सांगितली, हे त्यांच्या वहीत लिहिलेले असते. ती वही काढायला गाव आणि आडनाव माहीत असले की पुरते.

मुंबईत रे रोड स्टेशनपासून माझगावच्या बाजूला गेले, की जुनी ख्रिस्ती वस्ती लागते. तिथल्या घरांसाठी हे वहीचे काम चर्चने केले आहे. फरक एवढाच, की चर्चची वही गाव-आडनावावर उघडत नाही, तारखेवर उघडते. ती तारीख बहुतेकदा मिळते थडग्यावर. म्हणून पूर्वज शोधणारा माणूस आधी दफनभूमीत जातो आणि मग चर्चच्या ऑफिसात. या दोन जागांमध्ये माहिती कशी पुढे सरकते आणि वाटेत फसगत कुठे होते, ते पाहू.

दगडावरचा मजकूर कोणाचा?

थडग्यावरचा लेख मृत व्यक्तीने लिहिलेला नसतो. तो मागे राहिलेल्यांनी लिहून घेतलेला असतो, आणि तोही लगेच नाही. ताज्या खड्ड्यातली माती बसायला वेळ लागतो. तोवर लाकडी क्रूस चालतो. दगड पुढे, अनेकदा वर्षश्राद्धाच्या सुमाराला किंवा पैसे जमतील तेव्हा बसतो. त्यामुळे एकाच दगडावरच्या सगळ्या माहितीवर सारखा विश्वास टाकता येत नाही. मृत्यूची तारीख घरच्यांनी स्वतः अनुभवलेली असते, म्हणून ती बहुधा बरोबर असते. जन्मतारीख त्यांनी ऐकलेली असते, आणि तिच्यात वर्ष-दोन वर्षांची चूक सहज निघते.

दगड वाचताना अक्षरांची घडणही पाहावी. वरच्या चार ओळी एका हाताच्या आणि खालच्या दोन ओळी वेगळ्या वळणाच्या असतील, तर खालचे नाव नंतर कोरले आहे. नवरा आधी गेला, बायको वीस वर्षांनी त्याच कबरीत आली, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. उलट दोन्ही नावे एकाच हाताची असतील आणि तारखांत वीस वर्षांचे अंतर असेल, तर संपूर्ण दगड दुसऱ्या मृत्यूनंतर बसवला असावा. तेव्हा पहिल्या मृत्यूची तारीखही आठवणीतून आलेली असू शकते.

पोर्तुगीज काळातल्या आणि त्या वळणाच्या लेखांची सुरुवात ‘आकी जाझ’, म्हणजे ‘येथे विसावला आहे’, अशी होते. काही दगडांवर ‘सेपुल्तुरा’ या शब्दानंतर नाव आणि पुढे ‘त्याच्या वारसांची’ असे लिहिलेले असते. वंशावळ काढणाऱ्याला ही ओळ फार मोलाची. ती कबर एका माणसाची नसून घराण्याची आहे, तेव्हा नंतरच्या पिढ्याही तिथेच पुरल्या गेल्या असण्याची शक्यता मोठी. इंग्रजी लेखांत एखाद्या बाईच्या नावापुढे ‘रेलिक्ट’ असेल, तर नवरा तिच्या आधी वारला होता. ‘कॉन्सॉर्ट’ असेल, तर तो तेव्हा जिवंत होता. ‘ने’ या शब्दानंतर येते ते माहेरचे आडनाव. अशा एका शब्दाने शोध एकदम दुसऱ्या घराण्यात शिरतो.

वयाचा हिशेब

समजा, दगडावर मृत्यूची तारीख १२ ऑगस्ट १८८९ आहे आणि वय ४५. मग जन्म १८४४ चा, असे आपण झटकन म्हणतो. पण वय लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत आणि प्रत्येकीचे उत्तर निराळे.

‘वय ४५’ याचा अर्थ ४५ वर्षे पूर्ण झालेली. म्हणजे जन्म १३ ऑगस्ट १८४३ ते १२ ऑगस्ट १८४४ यांच्या दरम्यान. लॅटिन वळणाच्या लेखात ‘वयाच्या ४५व्या वर्षी’ असे असेल, तर ४४ पूर्ण होऊन पंचेचाळिसावे चालू होते, आणि जन्माचा काळ एक वर्षाने पुढे सरकतो. तिसऱ्या पद्धतीत ‘४५ वर्षे, ३ महिने, १० दिवस’ असा तपशील असतो. तिथे आधी वर्षे, मग महिने, मग दिवस असे वजा करत गेले, की २ मे १८४४ ही तारीख मिळते. हा हिशेब कागदावर मांडूनच चर्चमध्ये जावे. ऑफिसात बसलेल्या माणसाला ‘१८४० च्या आसपास’ असे सांगणे आणि ‘ऑगस्ट १८४३ ते ऑगस्ट १८४४’ असे सांगणे यांत बराच फरक आहे.

पुसट अक्षरे कशी वाचायची?

मुंबईच्या हवेत दगड लवकर म्हातारा होतो. संगमरवर हा मुळात कॅल्शियम कार्बोनेट. किंचित आम्ल पावसातही तो हळूहळू विरघळतो. धुरातल्या गंधकामुळे त्याच्या पृष्ठभागावर जिप्समचा मऊ थर तयार होतो आणि तो थर अक्षरांची धार घेऊनच सुटतो. काळ्या बेसाल्टवर नाजूक अक्षर काढणे कठीण, पण एकदा काढलेले जास्त काळ टिकते. म्हणून साध्या काळ्या दगडावरचे ओबडधोबड नाव वाचता येते आणि शेजारच्या उंची संगमरवरावरची सुबक ओळ गेलेली असते, असे चित्र दिसू शकते.

काही संगमरवरी दगडांवर अक्षरे शिशाची असतात. कारागीर आधी अक्षराची खाच काढतो, तिच्यात बारीक भोके पाडतो आणि शिसे ठोकून बसवतो. भोकांत घुसलेले शिसे अक्षराला धरून ठेवते. वर्षांनी शिसे निघून गेले, तरी भोके उरतात. प्रत्येक अक्षरातल्या भोकांची मांडणी वेगळी असल्याने एक अक्षर धड सापडले, की त्याच दगडावरची तशीच दुसरी अक्षरे ओळखता येतात.

साध्या कोरीव लेखासाठी लागतो तिरपा उजेड. डोक्यावरच्या उन्हात उथळ खाचेला सावलीच पडत नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन दगडाला घासून जाते, तेव्हा तीच खाच उठून दिसते. दगडाची दिशा आडवी येत असेल, तर एकाने आरशाने ऊन बाजूने टाकायचे आणि दुसऱ्याने फोटो काढायचे. मोबाइलचा टॉर्च दगडाच्या कडेला धरूनही हे साधते. संशोधक याच युक्तीचे पुढचे रूप वापरतात: कॅमेरा एका जागी स्थिर, उजेड दर वेळी वेगळ्या कोनातून, आणि शेवटी सगळे फोटो संगणकात एकत्र.

तारेचा ब्रश, ॲसिड, खडू किंवा पीठ मात्र दगडाला लावू नये. एका फोटोसाठी पुढच्या माणसाचा पुरावा नष्ट होतो.

वहीच्या आत

कॅथलिक चर्चमध्ये नोंदी ठेवण्याची सक्ती ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली केली. लग्ने लपूनछपून होऊ नयेत, हा तिचा एक मोठा हेतू होता. १६१४ साली रोमने संस्कारविधींचे पुस्तक काढले आणि नोंदी कशा लिहायच्या याचे नमुनेही त्यात दिले. बाप्तिस्मा (वसईकडे ज्याला स्नानसंस्कार म्हणतात), दृढीकरण, लग्न आणि मृत्यू यांच्या चार वह्या. पाचवी वही घरोघरच्या माणसांची, म्हणजे एका अर्थी पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची) खानेसुमारी. ती जिथे टिकली आहे, तिथे एका छपराखाली कोण कोण राहत होते हे एकाच पानावर कळते.

या वह्यांत शिरायचे ते उलट्या क्रमाने. दगडावरच्या तारखेने मृत्यूची नोंद सापडते. तिच्यात वय, अनेकदा नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव, आणि कुठे पुरले ते असते. मग वयावरून लग्नाच्या काळाचा अंदाज बांधायचा. लग्नाच्या नोंदीत वधू-वरांच्या आईवडिलांची नावे आणि दोघांचे पॅरिश मिळते. त्या पॅरिशमध्ये जाऊन बाप्तिस्म्याची नोंद काढायची. तिच्यात आईवडील आणि गॉडफादर-गॉडमदर असतात. पोर्तुगीज पद्धतीच्या नोंदीत बरेचदा दोन्हीकडचे आजी-आजोबाही लिहिलेले असतात. एका बाळाच्या चार ओळींत तीन पिढ्या सापडतात, त्या इथे.

समासाकडेही लक्ष ठेवावे. १९०७ साली रोमने काढलेला आणि १९०८ च्या ईस्टरपासून लागू झालेला नियम असा, की लग्न कुठेही झाले तरी त्याची खबर बाप्तिस्मा झालेल्या चर्चला कळवायची आणि तिथल्या मूळ नोंदीच्या कडेला ती लिहायची. त्यामुळे विसाव्या शतकातल्या नोंदीशेजारी बारीक अक्षरात लग्नाची तारीख, जोडीदाराचे नाव आणि दुसऱ्याच गावच्या चर्चचा उल्लेख सापडू शकतो. माझगावात जन्मलेली मुलगी लग्न करून कुठे गेली, हे तिच्या बाप्तिस्म्याच्या पानावरच कळते.

प्रोटेस्टंट नोंदींची सोय वेगळी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून इथल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. मुंबई इलाख्याच्या अशा नकला १७०९ पासून १९४८ पर्यंतच्या असून त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ वहीला वाळवी लागली, तरी नक्कल शिल्लक राहते. रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मला आणि फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच्यासारख्यांचा माग म्हणून इंग्लंडमध्ये बसूनही लागतो. माझगावच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घराला मात्र बहुतांशी आपल्या पॅरिशवरच अवलंबून राहावे लागते.

आडनाव एक, घराणी अनेक

मुंबई, साष्टी आणि वसई भागातले हे मूळचे कॅथलिक स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांची संघटना स्थापन झाली आणि तेव्हापासून हे नाव रुळले. त्यांची डिसोझा, परेरा, फर्नांडिस ही आडनावे धर्मांतराच्या वेळी मिळालेली. ती बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूकडून किंवा गॉडफादरकडून येत. एकाच दिवशी एकाच गॉडफादरच्या साक्षीने बाप्तिस्मा झालेली दोन परकी घरे एकाच आडनावाची होऊ शकत. म्हणून एका दफनभूमीत डिसोझांची रांग दिसली, तरी ती सगळी एका कुळाची समजू नये. बेने इस्रायली ज्यूंच्या दिवेकर, पेणकर अशा आडनावांत गाव तरी कळते. इथे तेही नाही.

मग ओळख पटवायची कशी? तीन गोष्टी जुळवून. पहिली गोष्ट राहण्याची पाखाडी किंवा वाडी. दुसरी, गॉडफादर-गॉडमदरची नावे. हे बहुधा जवळचे नातलग किंवा शेजारी असल्याने त्याच घरच्या अनेक मुलांच्या नोंदींत तीच माणसे फिरून येतात. तिसरी, नावांची परंपरा. पुष्कळ घरांत थोरल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवत. नोंदीत एका पिढीआड तेच नाव दिसले, तर आपण बरोबर वाटेवर आहोत असे मानायला आधार मिळतो. पण तो आधारच, पुरावा नव्हे.

भाषेचाही घोळ आहे. एकच माणूस लॅटिन नोंदीत योआनेस, पोर्तुगीज नोंदीत जुआंव आणि थडग्यावर जॉन असतो. लुई हा लुदोविकुस होतो. शिवाय लॅटिनमध्ये नावाला विभक्ती लागते: ‘लुदोविकुस’ म्हणजे स्वतः लुई, आणि ‘लुदोविची’ म्हणजे लुईचा. ‘लुदोविची’ हे वेगळ्या माणसाचे नाव समजून वंशावळीत एक जास्तीचा आजोबा घुसवायचा, ही नवख्यांची नेहमीची चूक.

नोंद कोणत्या चर्चमध्ये?

घर माझगावात होते म्हणून नोंदही माझगावातच असेल, असे नाही. माझगावच्या ग्लोरिया चर्चची सुरुवात १६३२ ची. १९११ मध्ये ते पाडले गेले आणि नवी इमारत भायखळ्याला उभी राहिली. जागा बदलली तरी पॅरिश तेच, म्हणून जुन्या ग्लोरियाची चौकशी आजच्या भायखळ्याच्या ग्लोरियात करायची.

दुसरी गुंतागुंत सत्तेची. पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्या गोव्याच्या आर्चबिशपचा अधिकार की थेट रोमने पाठवलेल्या धर्मप्रमुखाचा, यावर मुंबईत मोठा तंटा चालला. १७९४ मध्ये शहरातली चर्चे दोघांत वाटली गेली. माझगावचे ग्लोरिया आणि दादरचे साल्वासाव, म्हणजे ज्याला दादरकर पोर्तुगीज चर्च म्हणतात ते, गोव्याकडे गेले. भुलेश्वरचे एस्पेरान्सा आणि माहीमचे सेंट मायकल दुसऱ्या बाजूला राहिले. पुढे एकाच वस्तीत दोन्ही अधिकारांची चर्चे उभी राहिली. ही दुहेरी व्यवस्था १९२८ च्या करारापर्यंत चालली. दोन सख्खे भाऊ एकाच पाखाडीत राहून वेगवेगळ्या चर्चमध्ये जात, हे अशक्य नव्हते. एका चर्चमध्ये नोंद मिळाली नाही, तर दुसरीकडे विचारल्याशिवाय शोध थांबवू नये.

दफनाची जागाही बदलत गेली. इंग्रजांनी सुरुवातीला कुलाब्याच्या बाजूला मेंढम पॉइंटला, नंतर मरीन लाइन्सजवळच्या सोनापुरात आपले मृत पुरले. १८६० च्या दशकात, आर्थर क्रॉफर्ड महापालिका आयुक्त असताना, शिवडीला नवी ख्रिस्ती दफनभूमी झाली. रे रोडहून कॉटन ग्रीन आणि पुढे शिवडी, एवढ्या अंतरावर ती आहे. व्हिक्टोरिया टर्मिनसचा वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्स (मृत्यू १९००) तिथेच आहे. तारीख १८६० च्या आधीची असेल, तर शिवडीत शोधण्यात अर्थ नाही.

काका बाप्टिस्टांचे उदाहरण

टिळकांचे सहकारी आणि १९१६ च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा हे माझगावचे. त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ चा, माथारपाखाडीतला. १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. १९३० मध्ये वारले, आणि त्यांची कबर शिवडीत आहे.

त्यांचा माग घ्यायचा, तर पहिली पायरी शिवडीतला दगड आणि तिथल्या कार्यालयातली दफननोंद. दुसरी पायरी माझगावच्या चर्चांतली १८६४ सालची बाप्तिस्म्याची वही. १७ मार्चनंतरची पाने चाळायची, कारण कॅथलिक घरांत बाळाचा बाप्तिस्मा सहसा लवकर उरकत. त्याच्या मागच्या पिढीला मात्र माझगाव सोडावे लागते. काकांचे वडील भाईंदरजवळच्या उत्तनचे. म्हणजे वडिलांची बाप्तिस्म्याची नोंद उत्तनच्या बाजूला शोधायची. अशा कोळी-शेतकरी गावांतून बंदराच्या आणि शहराच्या कामासाठी आलेली अनेक घरे माझगावात होती, त्यामुळे हा टप्पा पुष्कळांच्या वाट्याला येतो. उत्तर कोकणच्या या पट्ट्यात १७३९ ही एक मोठी सीमारेषा आहे. त्या वर्षी चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज सत्ता संपली. त्याच्या आधीच्या नोंदी तिथे क्वचितच हाती लागतात.

शेजारच्या कबरी, वेगळी वर्षे

माझगाव-चिंचपोकळी परिसरात मुसलमान आणि ज्यू दफनभूमीही आहेत. तिथले साल आपल्या कॅलेंडरात बदलावे लागते. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले, की इसवी साल जवळपास बरोबर येते. माझगावच्या हसनाबादेत ज्यांचा मकबरा आहे, ते पहिले आगाखान १८८१ साली वारले. हिजरी साल १२९८. गुणाकार करून पाहिला, तर उत्तर १८८१ येते.

ज्यू वर्षातून ३७६० वजा करायचे. हे वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होत असल्याने डिसेंबरपर्यंतच्या तारखांसाठी ३७६१. दगडावर हे साल हिब्रू अक्षरांत असते आणि हजाराचा पाच बहुधा गाळलेला असतो. ६३८ दिसले, तर ते ५६३८, म्हणजे साधारण १८७८. बेने इस्रायली थडग्यांवर हिब्रूसोबत मराठी मजकूरही सापडतो, त्यामुळे मराठी वाचकाचे काम हलके होते. मराठीत शक दिला असेल, तर त्यात ७८ मिळवायचे.

दगडच नसेल तर?

बहुतेकांचा नसतोच. जागेची टंचाई असलेल्या मुंबईत साधी कबर काही वर्षांनी पुन्हा वापरली जाते आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात किंवा एकत्र साठवणीत जातात. कायमची जागा विकत घेणारी घरे थोडी. दफनभूमीत आज जे दगड दिसतात, ते म्हणजे ऐपत असलेल्यांची यादी. गोदीतला कामगार, आया, बोटीवरचा खलाशी हे फक्त वहीत आहेत.

तिथवर पोचण्यासाठी तारीख घरातूनच मिळवावी लागते. जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यू लिहून ठेवायची पद्धत होती. निधनानंतर वाटलेली छोटी स्मरणकार्डे, कबरीच्या पावत्या, लग्नाचे दाखले शोधावेत. वाड्यांतले क्रूसही वाचावेत. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला, आणि त्या साथीत माझगाव, गिरगाव, वांद्रे भागांत संरक्षणासाठी अनेक क्रूस उभारले गेले. त्यांच्या चौथऱ्यावर साल आणि कधी कधी उभारणाऱ्या घराचे नाव असते. ते घर त्या साली तिथे होते, एवढे त्यावरून नक्की होते.

थोडक्यात

• माहीत असलेल्या माणसापासून मागे जा. प्रसिद्ध पूर्वजापासून पुढे येऊ नका.
• मृत्यूची तारीख दगडावरून घ्या, जन्मतारीख वहीतून तपासा.
• संपूर्ण दगडाचा, आजूबाजूच्या कबरींचा आणि जागेच्या क्रमांकाचा फोटो काढा. मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट उतरवा.
• चर्चमध्ये नाव, आईवडील आणि एक-दोन वर्षांचा टप्पा लिहून न्या. वही सहसा हाती मिळत नाही, उतारा मिळतो. समासातली टिपणेही द्या, असे आवर्जून सांगा.
• नाव, काळ आणि वस्ती यांपैकी दोनच गोष्टी जुळत असतील, तर वंशावळीत ते नाव पेन्सिलनेच लिहा.